छोट्या रेल्वेचे नवे इंजिन कोणासाठी येते?

ब्रिटनमध्ये नवे वर्ष उजाडले की छोट्या रेल्वेचा छंद असलेल्यांचे लक्ष हॉर्नबी या कंपनीकडे लागते, कारण येत्या वर्षात कोणती इंजिने आणि कोणते डबे बाजारात येणार हे ती साधारण जानेवारीत जाहीर करते. जर्मनीतील मेर्क्लिन आणि इतर कंपन्या आपली नवी मॉडेले न्यूरेम्बर्गच्या खेळणी मेळ्याच्या सुमारास मांडतात, तर बाखमन ही कंपनी ब्रिटिश मॉडेलांची घोषणा दर तीन महिन्यांनी करते. या याद्यांचे छंदिष्टांमध्ये मनापासून स्वागत होते. गेली काही वर्षे मात्र त्या स्वागतासोबत एक काळजीचा प्रश्नही विचारला जातो: आपल्यानंतर हे कोण विकत घेणार, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे कोण बांधणार? नवे मॉडेल आणि नवी पिढी यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही. तो समजण्यासाठी आधी या छंदातले मापांचे गणित समजून घ्यावे लागते, कारण तरुण माणूस या छंदात येतो की दारातूनच परत जातो हे पुष्कळदा त्या गणितावरच ठरते.

रेल्वेच्या मॉडेलला दोन मापे असतात. पहिले प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीच्या किती पट लहान ते; दुसरे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर. युरोपात आणि अमेरिकेत सर्वाधिक चालणारे एचओ हे प्रमाण १:८७ आहे. खऱ्या प्रमाणित रेल्वेचे रूळ एकमेकांपासून १,४३५ मिलिमीटरवर असतात. त्याला ८७ ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात, आणि एचओचे रूळ तेवढ्याच अंतरावर असतात. इथपर्यंत हिशेब चोख आहे.

ब्रिटनमध्ये तो बिघडला. तिथले बोगदे आणि पूल फार जुने आणि अरुंद असल्यामुळे इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा बुटकी आणि अंगाने बारीक असत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात मिळणाऱ्या, इंजिन चालवणाऱ्या विजेच्या मोटारी १:८७ प्रमाणातल्या ब्रिटिश इंजिनाच्या पोटात बसेनात. तेव्हा कंपन्यांनी रूळ तेच ठेवून वरचे इंजिन थोडे मोठे केले, म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर, सुमारे १:७६. यालाच डबल-ओ म्हणतात. फ्रँक हॉर्नबी यांनी लिव्हरपूलमध्ये उभ्या केलेल्या मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये याच मापाची हॉर्नबी डब्लो ही मालिका आणली आणि ब्रिटनमध्ये हेच माप रुजले. परिणाम असा की आजही डबल-ओचे इंजिन ज्या रुळांवर धावते ते प्रमाणाच्या मानाने सव्वादोन मिलिमीटरहून अधिक अरुंद आहेत. खऱ्या रेल्वेच्या हिशेबात ही तूट जवळजवळ १७८ मिलिमीटरची होते. समोरून पाहिले की इंजिन अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसते. ही गोष्ट ज्यांना सहन होत नाही ते १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः टाकतात आणि प्रत्येक इंजिनाची चाके बदलतात. हे काम अत्यंत सुंदर होते, पण नवशिक्याने त्या वाटेने सुरुवात करावी असे कोणीही सांगणार नाही.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२२ मधली घोषणा समजते. त्या महिन्यात हॉर्नबीने टीटी:१२० नावाची पूर्णपणे नवी मालिका जाहीर केली. प्रमाण १:१२०, रूळ १२ मिलिमीटर. बारा गुणिले एकशेवीस म्हणजे १,४४०. खऱ्या अंतरापेक्षा फक्त पाच मिलिमीटर अधिक. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांची तडजोड इथे संपली. हे प्रमाण काही नवे नव्हते. अमेरिकेत १९४० च्या दशकात ते जन्माला आले, पूर्व जर्मनीत लहान घरांमुळे त्याने चांगले बाळसे धरले आणि टिलिग ही जर्मन कंपनी आजही त्यात काम करते. ब्रिटिश गाड्या मात्र या अचूक प्रमाणात मोठ्या कंपनीकडून प्रथमच येत होत्या, आणि त्याच वर्षी पेको या रूळ बनवणाऱ्या कंपनीनेही या मापाचे रूळ बाजारात आणले.

यात तरुणांचा संबंध जागेशी आहे. तेवीस मीटर लांबीच्या पाच डब्यांची गाडी घ्या. डबल-ओ मध्ये नुसते डबेच दीड मीटर होतात, टीटी:१२० मध्ये ९६ सेंटीमीटर. जमिनीच्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर तेच स्टेशन सुमारे चाळीस टक्के जागेत बसते. वळणांचेही तसेच आहे. डबल-ओ मध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या वळणाची त्रिज्या ४३८ मिलिमीटर असते, त्यामुळे गाडी गोल फिरवायची तर रूळ मांडायची फळी जवळजवळ एक मीटर रुंद हवी. टीटीमध्ये ३१० मिलिमीटरचे वळण चालते आणि सत्तर सेंटीमीटर रुंदीची फळी पुरते. ती पलंगाखाली सरकते. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या पंचविशीतल्या माणसाच्या दृष्टीने हा फरक छंद करता येणे आणि न येणे यांतला फरक आहे. स्वतःचे घर, त्यात रिकामी खोली किंवा माळा, हे ज्येष्ठ पिढीने जितके गृहीत धरले तितके आजच्या तरुणाला धरता येत नाही.

एन नावाचे, नऊ मिलिमीटर रुळांचे माप याहूनही लहान आहे. ब्रिटनमध्ये त्याचे प्रमाण १:१४८ आहे. जपानमध्ये हेच माप घरोघरी पोहोचले, कारण तिथे जागा कायमच कमी. काटो ही कंपनी १९६५ पासून या मापात काम करते. तिथली मुले १९५९ पासून मिळणाऱ्या प्लारेलच्या निळ्या प्लॅस्टिक रुळांवर गाड्या चालवत मोठी होतात आणि पुढे त्यातली काही एन मापाकडे वळतात. जपानी शहरांत तासावर भाडे घेणारे तयार लेआउटही, म्हणजे रूळ आणि देखाव्यांसह मांडून ठेवलेल्या छोट्या रेल्वेही आहेत: आपली गाडी पेटीत घालून न्यायची, तिथल्या मोठ्या रुळांवर चालवायची आणि घरी घेऊन यायची. घरात एक इंचही रूळ नसलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे छंद करता येतो. जागेच्या अडचणीला दिलेले हे उत्तर मला कोणत्याही नव्या प्रमाणापेक्षा जास्त परिणामकारक वाटते.

आता नवे मॉडेल तयार कसे होते ते पाहू, कारण किंमत तिथे ठरते. कंपनी आधी जुने नकाशे आणि छायाचित्रे गोळा करते. इंजिन एखाद्या संग्रहालयात शाबूत असेल तर लेसरने त्याची मोजणी होते. मग संगणकावर आराखडा होतो, त्यावरून पोलादी साचे कोरले जातात, साच्यातून पहिला बिनरंगी नमुना निघतो, त्यातल्या चुका दुरुस्त होतात, मग रंगवलेला नमुना येतो आणि शेवटी उत्पादन, जे बहुतांशी चीनमध्ये होते. या सगळ्यात दोन-तीन वर्षे सहज जातात. सर्वांत मोठा खर्च साच्यांचा असतो. तो एकदाच करावा लागतो पण एकदम करावा लागतो, आणि म्हणूनच एकाच साच्यातले इंजिन पुढे अनेक वर्षे वेगवेगळ्या रंगांत आणि वेगवेगळ्या क्रमांकांनी येत राहते. हिरवे झाले, निळे झाले, मग एखाद्या मालवाहतूक कंपनीच्या रंगात आले. बाहेरच्याला यात नवे काही दिसत नाही. पण ज्या विभागाचे आणि ज्या वर्षाचे स्टेशन आपण बांधले आहे त्यावर नेमके तेच इंजिन, त्याच रंगात धावत होते, हे माहीत असलेल्याला तो क्रमांक पाहून खरा आनंद होतो. हा आनंद कमी लेखण्यासारखा नाही. त्यात इतिहासाचा अभ्यास आहे.

त्याच आनंदाची दुसरी बाजू किंमत आहे. जाणकार ग्राहक प्रत्येक पाइप, प्रत्येक पायरी आणि दिव्याची प्रत्येक चौकट अचूक असावी असा आग्रह धरतात. कंपन्यांमधली स्पर्धाही तिथेच चालते, कारण एकाच इंजिनाची घोषणा दोघांनी केली तर जास्त बारकाईचे मॉडेल खपते. विल्यम स्ट्राउडली यांनी १८७२ मध्ये आणलेल्या टेरियर या चिमुकल्या इंजिनाच्या बाबतीत २०१८-१९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये असेच घडले. बारकावे वाढले की हाताने जोडायचे सुटे भाग वाढतात आणि मजुरी वाढते. आज बारकाईने केलेले डबल-ओचे मोठे वाफेचे इंजिन दोनशे पौंडांच्या वर जाते. शिवाय इतके नाजूक इंजिन दहा वर्षांच्या मुलाच्या हातात दिले की पहिल्याच दिवशी एखादी पायरी तुटते, आणि मग मोठी माणसे म्हणतात, नुसते पाहा, हात लावू नका. ज्या वस्तूला हात लावायचा नाही तिचे वेड मुलाला लागणार कसे? हॉर्नबीची रेलरोड ही स्वस्त मालिका, जिच्यात जुने साचे वापरून कमी बारकाव्यांची पण दणकट इंजिने दिली जातात, म्हणूनच फार मोलाची आहे. अशा मालिकेतले इंजिन जाहीर झाले की जाणकार मंडळी ते पाहून पुढे जातात. मला वाटते, स्वागत खरे तर त्याचे जास्त व्हायला हवे.

या ठिकाणी जर्मनीतले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १८५९ मध्ये गॉपिंगेन गावात सुरू झालेली मेर्क्लिन २००९ मध्ये, आपल्या दीडशेव्या वर्षी, दिवाळखोरीत निघाली. तोवर कंपनीचा ग्राहक म्हणजे संग्राहक असे समीकरण बनले होते. त्यातून सावरताना तिने २०११ मध्ये माय वर्ल्ड ही मालिका काढली. तीन वर्षांच्या मुलापासून पुढे चालेल अशी, बॅटरीवर धावणारी, चुंबकाने जोडले जाणारे डबे असलेली, किंमत खेळण्याची. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही गाडी कंपनीच्या मोठ्यांसाठीच्या रुळांवरही धावते. मूल वाढले की त्याच रुळांवर पुढची, खरी विजेवरची गाडी येऊ शकते आणि आधीचे काही फेकून द्यावे लागत नाही. सुरुवातीचे साहित्य पुढच्या टप्प्याला जोडलेले असणे, हे तरुण टिकवण्यासाठी अत्यंत आवश्यक आहे.

कोणती गाडी मॉडेल म्हणून येते हाही तितकाच कळीचा मुद्दा आहे. माणूस बहुधा स्वतः लहानपणी पाहिलेली गाडी विकत घेतो. वाफेच्या शेवटच्या काळात फलाटावर उभे राहून क्रमांक टिपणारी मुले निवृत्त झाली तेव्हा वाफेच्या इंजिनांची मागणी वाढली, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकातली मुले पन्नाशीत आली तसा निळ्या डिझेल इंजिनांना भाव आला. मग आज बारा वर्षांची असलेली मुलगी काय पाहते? ती हिताचीने बांधलेली, २०१७ पासून लंडनहून पश्चिमेकडे धावणारी क्लास ८०० पाहते. २०१९ पासून पूर्व किनाऱ्याच्या मार्गावर अझुमा नावाने धावणारी तिची लाल-पांढरी बहीण पाहते. हॉर्नबीने या दोन्ही काढल्या हे चांगलेच झाले. अशी लांब गाडी पूर्ण घ्यायची तर डबल-ओ मध्ये खर्च आणि जागा दोन्ही फार लागतात, ही अडचण तरीही उरतेच. ज्येष्ठांना आधुनिक गाड्या एकसारख्या वाटतात आणि नव्या यादीत त्या दिसल्या की काहींची निराशा होते. पण त्याच गाड्या नव्या पिढीची आठवण आहेत, आणि आठवणीवरच हा छंद चालत आला आहे.

तरुणांना ओढणारी आणखी एक गोष्ट म्हणजे गाडी चालवण्याची पद्धत. जुन्या पद्धतीत रुळांतल्या विजेचा दाब वाढवला की गाडी वेगाने जाते. त्या रुळावर दोन इंजिने असली तर दोन्ही एकदमच निघतात, म्हणून लेआउटचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळी कळ द्यावी लागते. नव्वदच्या दशकात प्रमाणित झालेल्या डीसीसी या पद्धतीत रुळांमध्ये वीज कायम पूर्ण दाबाने वाहते आणि तिच्यातूनच आज्ञा पाठवल्या जातात. प्रत्येक इंजिनात नखाएवढी एक चकती असते, तिला डीकोडर म्हणतात. तिला स्वतःचा क्रमांक असतो. ‘क्रमांक ३, हळू पुढे, क्रमांक ८, दिवा लाव’ अशा आज्ञांपैकी आपल्या क्रमांकाची आज्ञा ती ओळखते आणि बाकीच्या सोडून देते. हॉर्नबीने २०२३ मध्ये आणलेल्या डीकोडरमध्ये ब्लूटूथही आहे, त्यामुळे वेगळा महाग नियंत्रक न घेता फोनवरूनच इंजिन चालते आणि शिट्टीही वाजते. मात्र फोन हे आकर्षणाचे कारण आहे असे समजणे चुकीचे ठरेल. मुलांकडे फोनवर करण्यासारखे पुष्कळ असते. खरे आकर्षण आत शिरून काहीतरी बदलण्यात आहे: सिग्नलचा नियम स्वतः लिहिणे, सांधा बदलला की दिवा लाल व्हावा अशी जोडणी करणे, गाडी स्टेशनात आपोआप थांबवणे.

याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचा टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. त्यातल्या एका गटाला देखाव्यापेक्षा फळीखालच्या तारा प्रिय होत्या. टेलिफोन केंद्रांतली यंत्रणा वापरून त्यांनी गाड्यांचे गुंतागुंतीचे नियंत्रण उभे केले. हीच मुले पुढे संस्थेच्या पहिल्या संगणकांकडे वळली, आणि ‘हॅक’ हा शब्द संगणकाच्या जगात याच मंडळींच्या बोलण्यातून आला. कोणत्याही नव्या मॉडेलाची जाहिरात त्यांना खोलीत घेऊन आली नव्हती. सोडवण्यासारखा अवघड प्रश्न आणि रात्री उशिरापर्यंत उघडी असलेली खोली, एवढे त्यांना पुरले.

हातकामाविषयीही सांगायलाच हवे. रुळांखाली खडी टाकण्याचे काम घ्या. बारीक दगडी भुकटी रुळांच्या मधे कोरडीच पसरायची, मऊ कुंचल्याने स्लीपरवरचे कण खाली लोटायचे, मग भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेले पाणी त्यावर फवारायचे. साबण नसेल तर पाण्याचे गोळे होतात आणि खडी त्यांच्यासोबत वाहते. नंतर फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून ड्रॉपरने थेंबथेंब सोडायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सांध्याच्या हलत्या पात्यांपाशी एक कणही राहता कामा नये, नाहीतर सांधा अडकतो. दिवाळीत माती कालवून किल्ला करणाऱ्या आणि त्यावर हळीव पेरून हिरवळीची वाट पाहणाऱ्या आपल्या मुलांना हे काम समजावून सांगावे लागणार नाही. त्यांना ते येतेच. त्यात आता घरगुती थ्रीडी प्रिंटरची भर पडली आहे. जे स्टेशन किंवा जो डबा कोणतीही कंपनी कधीच काढणार नाही तो पंधरा वर्षांचा मुलगा संगणकावर आखतो आणि छापतो. क्लबातले ज्येष्ठ त्याला रंग कसा द्यायचा ते दाखवतात.

असे क्लब मात्र अडचणीत आहेत. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१० पासून चालू आहे, पण मोठी प्रदर्शने भरवण्यासाठी लागणारे स्वयंसेवक ठिकठिकाणी वयस्क होत चालले आहेत. बर्मिंगहॅममध्ये भरणारे वॉर्लीचे राष्ट्रीय प्रदर्शन २०२३ नंतर बंद झाले, आणि १९४६ मध्ये लिव्हरपूलमध्ये सुरू झालेले हॅटन्स हे दुकान २०२४ च्या सुरुवातीला व्यवसाय आवरत असल्याचे जाहीर करून मोकळे झाले. दुकान आणि प्रदर्शन या दोनच जागा अशा आहेत जिथे काहीच माहीत नसलेले मूल आईवडिलांचा हात धरून येते आणि धावती गाडी पाहते. इंटरनेटवरची घोषणा शोधायला आधी आवड असावी लागते. टीटी:१२० सुरुवातीला फक्त कंपनीकडूनच थेट मिळत असे आणि दुकानांत ती नंतर आली. माझ्या मते ती आधीपासूनच दुकानाच्या काचेत असायला हवी होती.

पाहायला मिळाले की काय होते ते हॅम्बुर्गमध्ये दिसते. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये उघडलेले मिनिआटूर वुंडरलँड हे जगातले सर्वांत मोठे रेल्वे मॉडेल आज त्या शहराचे मोठे आकर्षण आहे. तिथे गाड्या आहेत, रस्त्यावर आपोआप धावणाऱ्या मोटारी आहेत, २०११ पासून विमाने उडताना आणि उतरताना दाखवणारा विमानतळही आहे. दर काही मिनिटांनी रात्र होते आणि हजारो दिवे लागतात. मुले तिथे तासन्‌तास रमतात, आणि रमणाऱ्यांपैकी बहुतेकांना डबल-ओ म्हणजे काय हे माहीत नसते.

आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे, आणि शाळेच्या सहलीत ते पाहिलेली पुण्याची कितीतरी माणसे आता आपल्या मुलांना तिथे नेतात. त्यांपैकी कोणाला भारतीय गाड्यांचे मॉडेल करावेसे वाटले तर पहिली अडचण पुन्हा गेजची येते. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे; १:८७ प्रमाणात रुळांमध्ये १९.३ मिलिमीटर अंतर हवे, आणि तयार मिळतात ते साडेसोळाचे. म्हणून ब्रिटिशांसारखीच तडजोड करावी लागते, आणि भारतीय छंदिष्ट ती करतातच. सोपा मार्ग हवा असेल तर नेरळ-माथेरान घ्यावे. १९०७ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाचे गेज ६१० मिलिमीटर आहे. १:७६ प्रमाणात ते आठ मिलिमीटर होते, आणि एन मापाचे नऊ मिलिमीटरचे रूळ त्याला जवळजवळ चालून जातात. खऱ्या मार्गावरच वळणे इतकी तीव्र आहेत की लहान फळीवरची वळणे खोटी वाटत नाहीत. जपानी बनावटीचा छोटा मोटारवाला सांगाडा आणावा, त्यावर इंजिनाचे कवच छापून बसवावे, आणि जुम्मापट्टी किंवा अमन लॉज यांपैकी एक स्टेशन निवडावे. दोन-तीन डब्यांची गाडी आणि बाजूला लाल मातीचा उतार असे सगळे अभ्यासाच्या टेबलावर मावते.